वाचकांचे प्रश्न : लढाऊ विमानाच्या पोटाखालचं ते नळकांडं नेमकं काय करतं?

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात विमानवाहू जहाजांवर लिहिताना मी शेवटी दोनच ओळी टार्गेटिंग पॉडबद्दल, म्हणजे लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवलेल्या लक्ष्य बघायच्या नळकांड्याबद्दल, टाकल्या होत्या, आणि खरं सांगतो सगळ्यात जास्त पत्रं अन मेसेज त्या दोन ओळींवरच आले. लातूर, बीड, परभणी, जालना, नांदेड, जिथून समुद्र बघायला रात्रभर एसटीत बसावं लागतं तिथली लोकं विचारतायत की जहाजावरच्या विमानाला डोळा कसा बसवतात. मला लई बरं वाटलं. मी स्वतः उदगीरकडचा, नौदलात विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर १५ वर्षं काढली, त्यामुळं हा विषय निघाला की मी थांबत नाही, तेव्हा यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न : सर, विमानाच्या नाकात रडार असतंच ना, मग पोटाखाली वेगळं नळकांडं कशाला लटकवायचं? (एक शिक्षक, अंबाजोगाई)

गुरुजी, तुम्ही कधी ज्वारीच्या नाहीतर तुरीच्या रानात जागलीला गेला असाल तर हे लगेच कळंल. रात्री माळ्यावर बसलोय, बांधाकडं काहीतरी खसखसलं. कुठं खसखसलं, किती लांब, कुणीकडं चाललंय हे कानाला कळलं, पण ते रानडुक्कर हाय का शेजाऱ्याची सुटलेली म्हैस हे कळायला बघावंच लागतं. रडार म्हणजे तो कान समजा. लांबचं पकडतं, ढगातून धुक्यातून पकडतं, अंतर आणि वेग सांगतं, पण ट्रक आहे का ट्रॅक्टर आहे, शाळा आहे का शस्त्राचं गोदाम आहे हे बघायला अजूनही कॅमेराच लागतो, आणि चुकीच्या ठिकाणी बॉम्ब पडला की मागं घेता येत नाही.

तर त्या नळकांड्यात, म्हणजे टार्गेटिंग पॉडमध्ये, मुख्य तीन गोष्टी असतात. एक उष्णता बघणारा कॅमेरा, ज्याला इन्फ्रारेड म्हणतो, दुसरा साधा दिवसाचा टीव्ही कॅमेरा, आणि तिसरा लेझर. पुढचं डोकं सगळीकडं फिरतं, म्हणजे विमान वळलं, तिरकं झालं तरी डोळा लक्ष्यावरच खिळलेला राहतो. आणि जागलीच्या उदाहरणात अजून एक गोष्ट आहे बघा, बॅटरी मारली की तुम्हाला डुक्कर दिसतं पण तुम्ही कुठं बसलाय हे पण सगळ्यांना कळतं. रडारचं तसंच आहे, ते लहरी सोडतं आणि समोरचा त्या ऐकू शकतो. इन्फ्रारेड कॅमेरा काहीच सोडत नाही, गपचूप नुसता बघतो.

काही विमानांना असाच एक डोळा अंगातच असतो. आपल्या नौदलाच्या मिग-२९के चा फोटो नीट बघा, कॉकपिटच्या काचेपुढं एक काचेचा गोळा दिसतो, तो मुख्यतः हवेतली दुसरी विमानं उष्णतेवरून शोधायला असतो. अमेरिकेच्या एफ-३५ ला तर टार्गेटिंगची सगळी यंत्रणा नाकाखाली आतच बसवलीय, बाहेर फक्त पैलू पाडलेल्या नीलमण्याच्या काचा, कारण बाहेर काही लटकवलं तर ते विमान रडारपासून लपू शकणार नाही. आणि त्यांच्याच सुपर हॉर्नेटला विमानं शोधणारा जास्तीचा इन्फ्रारेड डोळा हवा होता तर त्यांनी तो पोटाखालच्या इंधनटाकीच्या पुढच्या टोकातच घातला. जागा मिळंल तिथं बसवतात.

प्रश्न : लेझरने समोरचं जळतं का? आणि बॉम्बला कसं कळतं की हा आपलाच लेझर? (शेतकरी, घनसावंगी तालुका)

दादा, जळत वगैरे काही नाही. हा लेझर फक्त बोट दाखवतो. १०६४ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे आपल्या डोळ्याला दिसतच नाही, आणि तो सलग नसतो, सेकंदाला दहा-वीस वेळा असा ठोके दिल्यासारखा पडतो. लक्ष्यावर पडला की तिथून तो चारी बाजूंना उधळतो, आणि बॉम्बच्या नाकात बसवलेला सेन्सर त्या उधळलेल्या उजेडाकडं बघत बघत पंख हलवून तिकडं सरकत येतो. म्हणजे बॉम्ब साधाच असतो, पुढं डोकं आणि मागं पंख जोडले की तो शहाणा होतो.

आता ओळखीचं. त्या ठोक्यांची एक ठरलेली चाल असते, तिला कोड म्हणतात. हलगीचा ठेका ऐकून तुम्ही सांगता ना की ही लग्नाची वरात का जत्रेतली कुस्ती, तसंच, बॉम्बचं डोकं फक्त आपल्या कोडचाच ठेका मानतं, बाकीच्या लेझरकडं ढुंकून बघत नाही. पेव्हवे नावाच्या जुन्या अमेरिकन लेझर बॉम्बवर हा कोड विमान उडायच्या आधी खाली उभा असलेला माणूस हाताने लावायचा, नाकापाशी छोटे आकडे फिरवून. तोच आकडा पायलटने पॉडमध्ये घालायचा. दोघांच्या आकड्यात एका अंकाचा फरक पडला तर पॉड लेझर मारत बसतो आणि बॉम्बला काहीच दिसत नाही, तो नुसता दगडासारखा खाली जातो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एवढं सगळं तंत्रज्ञान शेवटी डेकवर उभ्या असलेल्या एका पोराच्या बोटांवर येऊन थांबतं.

आपल्याकडं याचा सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग कारगिलचा. तो जहाजावरचा नाही, हवाई दलाचा आहे, पण यंत्र तेच. शत्रू १६ हजार फुटांच्या वर, बंकर आणि तंबू एवढे एवढेसे, आणि विरळ हवेत साधा बॉम्ब नेहमीच्या हिशोबानं पडेना. तेव्हा मिराज २००० वर इस्रायली लायटनिंग पॉड घाईघाईत बसवून तयार केले आणि २४ जून १९९९ ला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले. हवाई दलप्रमुख होते आपले एअर चीफ मार्शल टिपणीस. त्याच्या उलट १९७१ आठवा, ४ डिसेंबरपासून जुन्या विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, तेव्हा पायलटच्या समोर नुसतं साधं नेम धरायचं यंत्र होतं आणि बाकी सगळा त्याचा स्वतःचा डोळा. त्या लोकांना माझा आजही सलाम आहे.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे. हवाई दलाचाच पॉड उचलून जहाजावरच्या विमानाला लावला तर चालतो का, फरक काय पडतो? (विद्यार्थी, नांदेड)

हा या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे बाळा, आणि याचं उत्तर लांबणार. पॉड तोच असू शकतो, बऱ्याचदा असतोही, पण जहाजावर त्याचं जगणं वेगळं होतं.

पहिल्यांदा दणका. जमिनीवरच्या धावपट्टीवर विमान हळुवार टेकतं, आरामात लांबपर्यंत पळतं, थांबतं. जहाजावर ते ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेगानं डेकवर अक्षरशः आपटतं, शेपटीखालचा हूक आडव्या लावलेल्या जाड वायरमध्ये अडकतो, आणि शंभर मीटरच्या आत, दोन-तीन सेकंदात, सगळं थांबतं. आता विचार कर की दोनशे किलोच्या आसपासचा पॉड पोटाखाली लटकलाय, आत काचा आहेत, आरसे आहेत, केसाएवढा फरक चालत नाही असं फिरणारं डोकं आहे, आणि हा झटका दिवसातून दोनदा-तीनदा. अमेरिकन किंवा फ्रेंच जहाजांवर तर उडताना पण कॅटापल्टचा झटका असतो, दोन-तीन सेकंदात शून्यावरून अडीचशेच्या वर. आपल्या विक्रांत आणि विक्रमादित्यवर स्की-जंप आहे, म्हणजे पुढं चढ केलाय आणि विमान स्वतःच्या इंजिनच्या जोरावर उडतं, तो झटका वाचतो, पण तिथं वजनाचा हिशोब कडक होतो. २०० किलोचा पॉड लावला म्हणजे तेवढं इंधन नाहीतर तेवढं शस्त्र कमी, सरळ हिशोब. राफेल एम आणि सुपर हॉर्नेट ही दोन्ही विमानं २०२२ साली गोव्याला आयएनएस हंसा या नौदलाच्या जमिनीवरच्या विमानतळावरच्या स्की-जंपवरून उडवून बघितली ती याचसाठी, की कॅटापल्टसाठी बनलेलं विमान आपल्या चढावरून सामान घेऊन उडतं का. पुढं एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल एमचा करार झाला, २२ एका सीटची आणि ४ दोन सीटची.

दणक्यानंतर येतो नेम. पॉड म्हणतो लक्ष्य इथं आहे, विमान म्हणतं मी इथं आहे, या दोघांच्या मापात फरक नको. एक मिलिरेडियनची चूक, म्हणजे अंशाचा साधारण सतरावा भाग, कागदावर काहीच नाही, पण १० किलोमीटरवर ती बरोबर १० मीटर होते. १० मीटर म्हणजे हे घर नाही ते घर. म्हणून पॉडचा कॅमेरा आणि लेझर एकाच रेषेत आहेत का हे सारखं तपासावं लागतं, त्याला बोअरसायटिंग म्हणतात, आणि विमान जितक्या वेळा आपटणार तितकी ही शंका जास्त.

त्यात जहाज स्थिर नसतं. हे लोकांना सुचतच नाही. जमिनीवर उभ्या विमानाची दिशा सांगणारी पेटी, म्हणजे इनर्शियल नॅव्हिगेशन, पृथ्वीच्या फिरण्यावरून स्वतः उत्तर दिशा शोधते आणि तयार होते. जहाजावर ती पेटी चालू केली तर खाली डेक डोलतोय, पुढं सरकतोय, वळतोय, पेटी गोंधळते. मग जहाजाच्या स्वतःच्या नॅव्हिगेशनमधून वेग, दिशा, डोलणं हे सगळं केबलनं किंवा रेडिओनं विमानाला सतत द्यावं लागतं. हे नीट झालं नाही तर पॉड कितीही भारी असू दे, तो जे ठिकाण सांगंल ते चुकीचंच.

अमेरिकन नौदलाचं एक उदाहरण मला फार आवडतं. त्यांचं एफ-१४ टॉमकॅट हे मुळात शत्रूची विमानं पाडायला बनवलेलं, जमिनीवर अचूक बॉम्ब टाकायची सोय त्यात नव्हती, आणि १९९० नंतर ते जुनं झालं म्हणून बाजूला पडायला लागलं. त्यांनी हवाई दलाचा लँटर्न नावाचा पॉड घेतला, पण जुन्या विमानाची वायरिंग आणि कॉम्प्युटर त्याला लागणारी माहिती देऊच शकत नव्हते. मग विमान उकलत बसण्यापेक्षा त्यांनी पॉडच्या पोटातच जीपीएस आणि इनर्शियलची स्वतंत्र पेटी घातली आणि मागच्या सीटवरच्या माणसाला एक वेगळा कंट्रोल दिला. १९९६ मध्ये व्हीएफ-१०३ स्क्वाड्रन एंटरप्राइज जहाजावरून हे घेऊन समुद्रात गेली. भंगारात निघायला आलेलं विमान २००१ ला अफगाणिस्तानात सगळ्यात पुढं होतं, आणि २००६ पर्यंत चाललं. जुन्या विमानाला नवा डोळा लावायचा तर कुठं हात घालायचा आणि कुठं नाही हे ज्याला कळलं त्या इंजिनिअरचं मला कौतुक वाटतं.

आणि आता मीठ. माझी सगळी नोकरी या मिठाशी भांडण्यात गेली म्हण. समुद्राच्या हवेत मीठ तरंगत असतं, ते काचेवर बसतं, वाळतं, त्याचा पांढरा थर होतो, आणि इन्फ्रारेड चित्र मोतीबिंदू झाल्यासारखं धूसर होतं. ती खिडकीची काच नसते, साधी काच उष्णतेच्या त्या लहरी अडवते, म्हणून झिंक सल्फाईड, जर्मेनियम, नीलमणी असं काहीतरी वापरतात, वर नाजूक कोटिंग. घाईत साध्या फडक्यानं पुसलं की चरा पडला आणि हजारोंचं नाही, लाखोंचं नुकसान. आधी गोड्या पाण्यानं मीठ विरघळवायचं, मग ठरलेल्या कापडानं अलगद टिपायचं. जहाजावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातूनच करतात, ते मोजून मिळतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा पहिल्या खेपेचं पाच लाख लिटर पाणी लोकांनी कसं बघितलं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मला आमच्या भागातल्या पोरांबद्दल खात्री आहे, थेंब वाया न घालवता काच धुवायला त्यांना शिकवावं लागत नाही.

काचेचं निदान दिसतं तरी. कनेक्टरचं दिसत नाही. एकदा एका विमानाच्या रडारचं चित्र मधूनच जायचं, हँगरमध्ये रात्रभर आम्ही पेट्या बदलतोय, टेस्ट लावतोय, सगळं ओके येतंय, वर डेकवर नेलं की परत तेच. शेवटी आमच्या चीफनी टॉर्च आणि भिंग घेऊन एक कनेक्टर उघडला, त्यात एका पिनच्या बुडाशी मोहरीच्या दाण्याच्या निम्मा हिरवा ठिपका. तांब्याला चढलेला गंज. एवढ्याशा ठिपक्यानं एक अख्खं विमान तीन दिवस बसवलं. पॉडला असे कनेक्टर असतात, आणि पॉड सारखा काढायचा-लावायचा असल्यामुळं ते उघडे पण जास्त पडतात. तू इलेक्ट्रॉनिक्सला आहेस, तुला कॉलेजात सर्किट शिकवतात, कनेक्टर कुणी शिकवत नाही, तो स्वतः शिक.

अजून एक, जहाजाची स्वतःची रडारं डेकपासून काही मीटरवर फिरत असतात, प्रचंड ताकदीची. केबलच्या शिल्डिंगमध्ये ढिलाई असली तर ती लहर आत घुसते. आणि लेझरबद्दल तर नियम फार कडक, चाकं डेकला टेकलेली असताना तो सुटूच नये असं कुलूप असतं, कारण डेकवर शेकडो माणसं, आणि न दिसणारा तो उजेड डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जातो. सरावासाठी म्हणून बऱ्याच पॉडमध्ये डोळ्याला इजा न करणारा १.५७ मायक्रॉनचा वेगळा लेझर पण असतो.

प्रश्न : मग प्रत्येक विमानाला एक पॉड घेऊन टाकत कामून नाहीत? (वाचक, केज)

महाग आहेत म्हणून, आणि सगळ्या विमानांना सगळ्या वेळेला लागत नाहीत म्हणून. जे विमान नुसतं हवेत राखण करायला चाललंय त्याला पॉडचं वजन कशाला. त्यामुळं जगभरात पॉड कमी आणि विमानं जास्त असंच असतं, एका विमानाचा काढून दुसऱ्याला लावतात, अमेरिकेत तर समुद्रातून परतणाऱ्या जहाजावरचे पॉड निघणाऱ्या जहाजावर चढवतात. गावात एकच मळणी यंत्र असलं की ते या खळ्यावरून त्या खळ्यावर फिरतं आणि सगळ्यात जास्त झीज त्याचीच होते, ते तुम्हाला सांगायला नको. माझं स्पष्ट मत आहे की विमानं दोन कमी घेतली तरी चालंल पण पॉड, त्याचे सुटे भाग आणि जहाजावरच दुरुस्ती करता येईल असा टेस्ट बेंच यात काटकसर करू नये. जहाज महिना-महिना समुद्रात असतं, तिथं कुरिअर येत नाही. एखादा पॉड बंद पडला आणि तो किनाऱ्यावर पाठवावा लागला तर त्या मोहिमेपुरता तो नाहीच असं धरायचं.

प्रश्न : पावसाळ्यात, दमट हवेत हा उष्णतेचा कॅमेरा चालतो का? (वाचक, हिंगोली)

ढगातून दिसत नाही, सरळ सांगतो. दाट ढग आला की खाली उतरा नाहीतर रडारवर किंवा जीपीएसवाल्या बॉम्बवर भरवसा ठेवा. दमट हवेत पल्ला कमी होतो, त्यातल्या त्यात ३ ते ५ मायक्रॉनच्या लहरींचा कॅमेरा समुद्रावरच्या दमट हवेत ८ ते १२ वाल्यापेक्षा बरा पडतो, म्हणून बरेच पॉड तोच वापरतात. तो सेन्सर मात्र आत उणे १९६ अंशांपर्यंत गार ठेवावा लागतो, त्यासाठी पॉडमध्ये छोटं कूलर इंजिन असतं, आणि गार व्हायला काही मिनिटं जातात, त्यामुळं उडायच्या आधीच चालू करून ठेवायचा.

आणि दिवसात दोन वेळा अशा येतात की तो फसतो. आपल्याकडं मे महिन्यात दगडी भिंत दिवसभर तापते, रात्री अंगणात बाज टाकली तरी भिंतीची धग लागते, आणि सकाळी ऊन चढायला लागलं की एका वेळेला भिंत, माती, झाड सगळ्यांचं तापमान एकसारखं येतं. त्या वेळेला उष्णतेच्या कॅमेऱ्याला भिंत आणि माती यात फरकच दिसत नाही. सूर्य उगवल्यावर थोड्या वेळानं आणि मावळल्यावर थोड्या वेळानं असं होतं. समुद्रात जहाज बघायला मात्र हा कॅमेरा फार छान, धुराड्याची धग लांबून दिसते.

प्रश्न : काका, मी बारावी सायन्सला आहे, मुलगी आहे, मला या कामात जायचंय. घरचे म्हणतात मराठवाड्यातल्या पोरीनं जहाजावर काय करायचं. (परभणी जिल्हा)

बेटा, घरच्यांना हे वाचून दाखव. जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पूनिया यांची नौदलाच्या लढाऊ विमानांसाठी निवड झाली, त्या शाखेतली पहिली महिला. २०२३ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातून मुली अग्निवीर म्हणून पहिल्यांदा बाहेर पडल्या. म्हणजे दार उघडलंय, आता आत कसं जायचं ते बघू.

बारावीला गणित आणि फिजिक्स दोन्ही पाहिजेत, हे पहिलं. अग्निवीर एसएसआर, म्हणजे बारावी झालेल्यांच्या, भरतीला वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढं कायम करतात, हे घरी आधीच खरं खरं सांग, नंतर वाद नको. अधिकारी व्हायचं असंल तर एनडीए, मुलींची पहिली तुकडी तिथं २०२२ ला गेली आणि मे २०२५ ला बाहेर पडली. एनडीएच्या तयारीसाठी सरकारची संस्था संभाजीनगरला १९७७ पासून आहे पण ती मुलांची, मुलींची नाशिकला २०२३ ला सुरू झालीय, तिथं प्रवेश दहावीनंतर असतो, म्हणजे तुझी वेळ गेली पण तुझ्या धाकट्या बहिणीची किंवा मैत्रिणीच्या बहिणीची गेली नसंल, तिला सांग. तिसरी वाट इंजिनिअरिंग करून टेक्निकल अधिकारी म्हणून. विमानाच्या तांत्रिक कामाचं शिक्षण कोचीला नौदलाच्या एनआयएटी संस्थेत होतं, आणि हे डोळे, रडार, वायरिंग दुरुस्त करणारी माणसं तिथूनच तयार होतात.

आजपासून दोन कामं कर. फिजिक्समधला प्रकाशाचा भाग आणि सेमीकंडक्टरचा धडा पाठ न करता समजून घे, लेन्स आणि लेझर तिथंच आहेत. दुसरं, मेडिकलमध्ये डोळ्यांची नजर आणि रंग ओळखणं दोन्ही तपासतात आणि बरीच पोरं शेवटच्या टप्प्यात तिथं बाद होतात, फॉर्म भरायची वाट बघू नको, या आठवड्यातच आईला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जा आणि दोन्ही तपासून घे, चिठ्ठीवर काय लिहून देतात ते मला कळव, मग पुढचं सांगतो.